छोट्यांनी व्हेटो सोडावा, पण मोठे काय सोडणार?

युरोपियन युनियनच्या सुधारणांचा विषय निघाला की बर्लिन आणि पॅरिसमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं. २७ देश एकमताने चालवणं आता शक्य नाही, युक्रेन आणि बाल्कन देश आत आल्यावर तर मुळीच नाही, तेव्हा व्हेटो कमी करा आणि बहुमताने निर्णय घ्या. वाक्य बरोबर आहे. पण ते कोण म्हणतंय, याकडेही बघावं लागतं. बहुमताच्या हिशोबात ज्यांचं वजन सर्वांत जास्त, तेच बहुमताचा आग्रह धरतात, तेव्हा डब्लिन, व्हॅलेटा किंवा टॅलिनमध्ये बसलेल्या माणसाला 'बळी तो कान पिळी' आठवलं तर दोष त्याचा नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. व्हेटो ही छोट्या देशांची ढाल आहे हा समज खोटा आहे. त्यांनी तो बऱ्याच विषयांत सोडावा, त्यात त्यांचाच फायदा आहे. पण तो फुकट सोडू नये. आणि आज टेबलावर जे प्रस्ताव आहेत, त्यांत मोठ्या देशांनी नेमकं काय सोडायचं, हा भाग फार बारीक अक्षरात लिहिलेला आहे.

आधी आकडे बघू, म्हणजे अडचण कळेल. जर्मनीची लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या पुढे. माल्टाची साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या कोल्हापूर शहराएवढी. युनियनमधल्या सर्वांत छोट्या १५ देशांची लोकसंख्या एकत्र केली तर ती साधारण सहा कोटी भरते. २७ पैकी १५ म्हणजे देशांच्या संख्येने बहुमत, पण माणसं एकट्या जर्मनीपेक्षा कमी! आता सांगा, निर्णय कसा घ्यायचा? 'एक माणूस, एक मत' म्हटलं तर माल्टाने बैठकीला यायचंच कशाला? 'एक देश, एक मत' म्हटलं तर जर्मन मतदाराने काय पाप केलं? दोन्ही तत्त्वं खरी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण पाळता येत नाहीत. युनियनच्या कारभाराचा सगळा इतिहास म्हणजे या दोन तत्त्वांमधली ओढाताण.

यातून काढलेली तोड तीन ठिकाणी तीन प्रकारची आहे.

पहिली युरोपियन संसदेत. तिथे उतरतं प्रमाण वापरतात. मोठ्या देशाला जास्त जागा, पण लोकसंख्येच्या प्रमाणात नाही, त्याहून कमी. करारानुसार कुठल्याही देशाला कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ९६ जागा. २०२४ च्या निवडणुकीत एकूण ७२० जागा होत्या. त्यांत जर्मनीला ९६, फ्रान्सला ८१, इटलीला ७६. माल्टा, सायप्रस आणि लक्झेंबर्गला प्रत्येकी ६. म्हणजे जर्मनीत साडेआठ लाखांहून जास्त लोकांमागे एक खासदार आणि माल्टात लाखापेक्षाही कमी लोकांमागे एक. मताच्या वजनात साधारण नऊपट फरक. संसदेत मतं समान नाहीत ही गोष्ट जर्मनीच्या घटना न्यायालयानेही २००९ मध्ये लिस्बन करारावरच्या निकालात ठळकपणे मांडली होती.

दुसरी कमिशनमध्ये. प्रत्येक देशाचा एक कमिशनर. २००४ पर्यंत मोठ्या देशांना दोन-दोन मिळायचे, ते बंद झालं. कमिशनरने आपल्या देशाच्या नव्हे, संपूर्ण युनियनच्या हितासाठी काम करायचं असतं, त्याने आपल्या सरकारचे आदेश घ्यायचे नसतात. तरीही 'आपला माणूस आत आहे' या भावनेला छोट्या देशांत फार किंमत आहे.

तिसरी आणि खरी लढाई कौन्सिलमध्ये, जिथे सरकारांचे मंत्री बसतात. आणि इथला इतिहास मजेशीर आहे. १९५७ च्या रोम करारात सहा देश होते. जर्मनी, फ्रान्स, इटली यांना ४-४ मतं, बेल्जियम आणि नेदरलँड्सला २-२, लक्झेंबर्गला १. एकूण १७, आणि कमिशनच्या प्रस्तावावर निर्णयाला १२ लागायची. वरवर पाहता लक्झेंबर्गला लोकसंख्येच्या मानाने भरपूर मिळालं होतं. पण जरा बेरीज करून बघा. बाकी सगळ्यांची मतं सम, म्हणजे त्यांची बेरीज कधीच ११ होऊ शकत नाही. ती १० होईल किंवा १२. याचा अर्थ अशा प्रस्तावांवर लक्झेंबर्गने होय म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, निकाल कधीच बदलणार नव्हता! १९७३ मध्ये नवे देश येईपर्यंत हेच चाललं. मत हातात आहे म्हणजे ताकद हातात आहे असं नसतं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. छोट्या देशांनी भांडायचं ते मतांच्या संख्येवर नाही, नियमाच्या रचनेवर.

पुढे ही भांडणं जोरात झाली. डिसेंबर २००० मध्ये नीस इथे रात्री जागवून वाटाघाटी झाल्या आणि जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटलीला २९-२९ मतं, तर स्पेन आणि पोलंडला २७-२७ ठरली. पोलंडची लोकसंख्या जर्मनीच्या निम्म्याहून कमी, मतं मात्र जवळजवळ तेवढीच. साहजिकच पोलंडला हा करार इतका प्रिय झाला की तिथे 'नीस किंवा मृत्यू' अशी घोषणाच निघाली. २००७ मध्ये लोकसंख्येचं वर्गमूळ काढून मतं द्या, असा प्रस्तावही पोलंडने आणला. लोक हसले, पण त्यामागचं गणित पक्कं होतं. लायोनेल पेनरोज यांनी ते १९४६ मध्येच मांडलं होतं.

अखेर लिस्बन करारात आजचा नियम आला. तो २०१४ पासून लागू आहे आणि त्याला दोन किल्ल्या लागतात. देशांपैकी ५५ टक्के, म्हणजे २७ पैकी १५, आणि लोकसंख्येपैकी ६५ टक्के. दोन्ही किल्ल्या लागल्या तरच कुलूप उघडतं. शिवाय लोकसंख्येच्या जोरावर निर्णय अडवायचा तर किमान चार देश लागतात. ही शेवटची अट फार महत्त्वाची. ती नसती तर जर्मनी, फ्रान्स आणि इटली हे तिघेच कुठलाही निर्णय अडवू शकले असते, कारण तिघांची लोकसंख्या मिळून ३५ टक्क्यांच्या बरीच वर जाते.

इथे ढाल दिसते का? मला दिसते. छोट्यांची खरी ढाल हीच आहे, दोन किल्ल्यांचा नियम आणि चार देशांची अट. व्हेटो नव्हे.

आता व्हेटोकडे येऊ. परराष्ट्र धोरण, कर, नव्या देशांचा प्रवेश, सात वर्षांचं बजेट, करारातले बदल, या विषयांत आजही एकमत लागतं. एक देश 'नाही' म्हणाला की घोडं अडलं. हा अधिकार छोट्यांना वाचवतो, असं म्हणतात. पण तो वापरला कोणी?

सर्वांत गाजलेला प्रसंग १९६५ चा. बहुमताने निर्णय सुरू होण्याची वेळ आली आणि जनरल द गॉल यांनी फ्रान्सचा मंत्री बैठकीला पाठवणंच बंद केलं. सात महिने खुर्ची रिकामी. जानेवारी १९६६ मध्ये जी तडजोड झाली, तिला नाव मिळालं लक्झेंबर्गचं, पण फायदा झाला फ्रान्सचा. महत्त्वाच्या राष्ट्रीय हिताचा प्रश्न असेल तर एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, ही प्रथा पडली. त्याआधी १९६३ मध्ये आणि नंतर १९६७ मध्ये ब्रिटनला दारातच थांबवलं तेही फ्रान्सनेच.

आणि सर्वांत जास्त सोसलं कोणी? माझ्या मते उत्तर मॅसिडोनियाने. लोकसंख्या जेमतेम १८ लाख. २००५ पासून उमेदवार. ग्रीसने नावावरून वर्षानुवर्षं अडवलं, म्हणून या देशाने २०१९ मध्ये स्वतःचं नाव बदललं. विचार करा, नाव! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने वाटाघाटी रोखल्या. ते मिटतंय तोवर २०२० मध्ये बल्गेरिया आडवा आला, भाषेवरून आणि इतिहासावरून. २०२२ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या असं जाहीर झालं, पण पुढे सरकायचं तर घटना बदलून बल्गेरियन समाजाचा उल्लेख करा, ही अट घालून. ज्या देशाने सगळं ऐकलं, त्याच्याच हाती वाटाण्याच्या अक्षता. हे व्हेटोचं छोट्यांवरचं प्रेम!

छोटेही व्हेटो वापरतात, खरं आहे. २०२० मध्ये बेलारूसवरच्या निर्बंधांना सायप्रसने काही आठवडे अडवून धरलं. बेलारूसशी त्याचं वैर नव्हतं, त्याला तुर्कस्तानविरुद्ध कारवाई हवी होती. डिसेंबर २०२३ मध्ये हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान विक्टर ओर्बान यांनी युक्रेनची ५० अब्ज युरोंची मदत रोखली. ती १ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाली. त्याच डिसेंबरच्या बैठकीत युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय तर ओर्बान दालनाबाहेर गेलेले असताना उरलेल्या २६ जणांनी घेतला. ४५ कोटी लोकांच्या संघटनेला निर्णयासाठी एक माणूस खोलीबाहेर जाण्याची वाट बघावी लागते, याला काय म्हणायचं?

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे व्हेटोचं तंत्र आहे. पण नाक कोणाचं दाबलं गेलं ते बघा. युक्रेनच्या मदतीसाठी जीव तोडून धडपडत होते ते एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया. तिन्ही छोटे देश, आणि रशियाचे शेजारी. त्यांच्या सुरक्षेचा प्रश्न एका व्हेटोवर अडकला होता. तेव्हा व्हेटो छोट्यांच्या बाजूने मोठ्यांविरुद्ध उभा नसतो. तो एकाच्या बाजूने सगळ्यांविरुद्ध उभा असतो, आणि त्या 'सगळ्यां'मध्ये बहुतेक छोटेच असतात.

मोठ्यांना तसाही व्हेटो फारसा लागत नाही. नोव्हेंबर २००३ आठवा. तुटीची ३ टक्क्यांची मर्यादा जर्मनी आणि फ्रान्स या दोघांनी ओलांडली होती. आदल्याच वर्षी पोर्तुगालवर याच नियमाखाली कारवाई झाली होती. मोठ्यांची पाळी आली तेव्हा कौन्सिलमध्ये कारवाई स्थगित झाली. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, फिनलंड ओरडत राहिले. पुढच्या वर्षी युरोपियन न्यायालयाने कौन्सिलचा तो निष्कर्ष रद्द केला, पण २००५ मध्ये नियमच सैल झाले. किंवा मार्च २०२३ घ्या. २०३५ पासून पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्या बंद करण्याचा कायदा संसद आणि कौन्सिल यांच्यात ठरून गेलेला, फक्त शेवटचं मतदान बाकी. जर्मनीने ऐनवेळी हात आखडता घेतला, मतदान पुढे गेलं आणि कृत्रिम इंधनावर चालणाऱ्या गाड्यांसाठी सवलत पदरात पडली. हा विषय बहुमताचा होता, व्हेटोचा नव्हताच. हेच माल्टाने केलं असतं तर?

म्हणून छोट्या देशांची भीती मी खोटी ठरवत नाही. आयर्लंडने २००१ मध्ये नीस करार नाकारला, पुन्हा मतदान घ्यावं लागलं. २००८ मध्ये लिस्बन नाकारला, २००९ मध्ये पुन्हा मतदान. हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत राहतात, असा टोमणा तेव्हापासून ऐकू येतो. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्या मतदानाआधी आयर्लंडने एक ठोस गोष्ट मिळवली. लिस्बन करारात कमिशनरांची संख्या देशांच्या दोन तृतीयांशावर आणायची तरतूद होती, ती बाजूला ठेवून प्रत्येक देशाचा कमिशनर कायम राहिला. म्हणजे छोटा देश नीट सौदा करू शकतो. मे २०२२ मध्ये १३ देशांनी मिळून करार बदलण्याची घाई नको असं पत्रक काढलं, त्यांतही स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड, माल्टा, स्लोव्हेनिया आणि तिन्ही बाल्टिक देश होते. हे काही ओर्बानचे चेले नव्हेत. त्यांना सुधारणा नको असं नाही, त्यांना हमी हवी आहे.

मग हमी कशी द्यायची? माझ्या दृष्टीने सौद्यात चार गोष्टी हव्यात.

एक, दोन किल्ल्यांचं प्रमाण बदला. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीनेच नेमलेल्या १२ तज्ज्ञांच्या गटाने अहवाल दिला. त्यात बहुमताचे विषय वाढवताना ५५ आणि ६५ च्या जागी ६० आणि ६० करा, असं सुचवलं आहे. याचा अर्थ साधा आहे. आज देशांच्या संख्येवर निर्णय अडवायला १३ देश लागतात, ६० टक्के केलं तर ११ पुरतील. उलट लोकसंख्येच्या जोरावर अडवायला आज ३५ टक्क्यांहून जास्त लागतं, तेव्हा ४० हून जास्त लागेल. ब्रिटन बाहेर पडल्यापासून जर्मनी आणि फ्रान्स दोघांचे मिळून जवळपास ३४ टक्के भरतात. आज त्यांना कोणतेही दोन लहानसे जोडीदार जवळपास पुरतात. ४० ला ते पुरणार नाहीत. मोठ्यांनी काय सोडायचं, याचं पहिलं उत्तर हे आहे. हा आकडा अहवालात पडून राहू नये, व्हेटोच्या प्रस्तावाला जोडूनच आला पाहिजे.

दोन, प्रत्येक देशाचा कमिशनर राहू द्या. त्याच अहवालात कमिशन लहान करा किंवा आत वरिष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड लावा, असे पर्याय आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. पस्तीस जणांचं कमिशन थोडं गर्दीचं होईल, कबूल. पण गर्दी परवडते, अविश्वास परवडत नाही.

तीन, व्हेटो एकदम सगळीकडून काढू नका. निर्बंध, मानवी हक्कांवरची निवेदनं आणि नव्या देशांच्या प्रवेशातले मधले टप्पे इथून सुरुवात करा. प्रवेशाचा शेवटचा शिक्का एकमताचा राहू दे, पण प्रत्येक पायरीवर अडवणूक नको. सैन्य पाठवणं आणि कर हे विषय तूर्त तसेच ठेवा. आयर्लंड, लक्झेंबर्गसारख्यांना कराच्या बाबतीत जे वाटतं ते सगळं मला मान्य नाही, पण पहिल्याच दिवशी तिथे हात घातला तर बाकीचंही हातातून जाईल.

चार, नियम मोठ्यांनाही तितकेच लागू होतील अशी व्यवस्था करा. तुटीच्या कारवाईत निर्णय जितका मंत्र्यांच्या हातून निघून कमिशन आणि न्यायालयाकडे जाईल, तितका माल्टाला फायदा. छोट्या देशाचे सर्वांत चांगले मित्र म्हणजे स्वतंत्र कमिशन आणि न्यायालय. बंद खोलीत वजन चालतं, न्यायालयात कलम चालतं.

यात एक गंमत आहे. एकमताऐवजी बहुमत आणण्याची सोय सध्याच्या करारातच आहे, नवा करार न करताही ते होऊ शकतं. फक्त ते करायला एकमत लागतं! म्हणजे व्हेटो काढायला व्हेटो असलेल्या प्रत्येकाची परवानगी हवी. त्यामुळे दटावून काही होणार नाही, सौदाच करावा लागेल. आणि वेळ कमी आहे. माँटेनेग्रोसारखा सहा-सव्वासहा लाखांचा देश दाराशी उभा आहे. त्याच्यामागे युक्रेन आहे, युद्धाआधी चार कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेला. तो आत आला की मोठ्यांच्या रांगेत बसेल आणि आजची सगळी बेरीज बदलेल. बेरीज बदलायच्या आधी नियम ठरलेले बरे. नंतर प्रत्येक जण नियमाकडे आपल्या फायद्याच्या चष्म्यातून बघतो.

आपल्याला यात काय घ्यायचं? थेट नक्कल नाही. युनियन हा करारांनी जोडलेल्या देशांचा समूह आहे आणि भारत हे एक राष्ट्र आहे. पण प्रश्न ओळखीचा आहे. राज्यांमधलं लोकसभेच्या जागांचं वाटप १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं आणि २००१ च्या ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून आपलं वजन घटणार का, हा दक्षिणेचा प्रश्न आहे. ४८ जागांच्या महाराष्ट्राला आणि दोन जागांच्या गोव्याला तो वेगवेगळ्या बाजूंनी लागू होतो. आपल्याकडे राज्यसभेतही जागा बहुतांशी लोकसंख्येवरच आहेत, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १. म्हणजे दुसरी किल्ली आपल्याकडे जवळपास नाहीच. त्यावर सविस्तर पुन्हा कधी. एवढंच म्हणतो की वाटप बदलल्यावर ज्याचं वजन वाढणार आहे, त्याने बदल मागताना स्वतः काय देणार हे आधी सांगावं.

बर्लिन आणि पॅरिसलाही माझं हेच म्हणणं आहे. व्हेटो जायला हवा, यात शंका नाही. पण मोठ्या भावाने 'तू हट्ट सोड' म्हणण्याआधी आपली मूठ उघडून दाखवावी. ६०-६० चा आकडा लेखी द्या, कमिशनरची हमी द्या, तुटीचा नियम स्वतःवर आधी लावून घ्या. मग माल्टाला आणि एस्टोनियाला विचारा. ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. आणि त्यानंतरही कोणी व्हेटोला कवटाळून बसलाच, तर तो छोटा आहे म्हणून नव्हे, त्याला काहीतरी उकळायचं आहे म्हणून बसलाय, हे सगळ्यांना स्वच्छ दिसेल.